जुन्या मोटारीच्या धुराच्या नळीचा गळका सांधा

गेल्या पावसाळ्यांत टोमॅटोचे क्रेट भरून आम्ही आपल्या जुन्या पेट्रोल-जीपनें नारायणगांवाहून रातोरात पुण्याच्या बाजारास निघालों. पावसामुळें ताडपत्रीचे बाजूचे पडदे घट्ट बांधले होते. मागचा मात्र मालामुळें अर्धवट उघडा राहिला होता. मंचर मागें टाकून खेड घाट उतरेपर्यंत आमचें डोकें ठणकूं लागलें, व मागें क्रेटांपाशीं बसलेला पुतण्या ओकूं लागला. रात्रीचें जेवण बाधलें असावें असें समजून चाकणला चहासाठीं उतरलों. मोकळ्या हवेंत दोघांसही थोडा उतार पडला. पण गाडींत बसतांच पुन्हां तोच त्रास. दुसऱ्या दिवशीं बॉनेट उघडलें तेव्हां मॅनिफोल्ड व त्याखालची नळी यांच्या सांध्यावर काजळीचा पंखा उमटलेला दिसला. हा सांधा महिनाभर टक्-टक् करीत होता, आणि जुन्या गाडीचा स्वभाव म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केलें होतें.

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं कित्येकांचा असा समज आहे कीं, सायलेन्सरच्या नळीची गळती म्हणजे केवळ आवाजाची कटकट. ही समजूत घातक आहे. पेट्रोल अपुरें जळलें म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणारें जें द्रव्य, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट धरतो. मग श्वास चालू असूनही शरीर उपाशी राहतें. हवेच्या दहा हजार भागांत हा अवघे ४ भाग असला तरी एकदोन तासांत डोकें दुखूं लागतें. पुढें मळमळ, घेरी, गुंगी, आणि निजलेला मनुष्य निजलेलाच राहतो. १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींस हा वायु पुष्कळसा नाहींसा करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचें झालें. त्याआधींच्या आमच्या गाड्यांस तें नसतें. डिझेल-इंजिन हा वायु फार कमी सोडतें, परंतु त्याचाही धूर गाडींत घ्यावा असें नव्हे.

जीपच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. धांवत्या गाडीच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो, त्यामुळें मागचा पडदा उघडा व पुढचें सारें बंद असेल तर मागच्या नळीचा धूरही आंत ओढला जातो. आम्ही त्या रात्रीं नेमकें हेंच केलें होतें. दुरुस्ती होईपर्यंत गाडी नेणें भागच असेल तर पुढच्या बाजूनें वारा येऊं द्यावा, मग थोडें भिजावें लागलें तरी बेहत्तर. तसेंच असली गाडी कडब्याच्या गंजीजवळ किंवा पाचटावर उभी करूं नये.

आतां गळती कशी ओळखावी तें सांगतों. सकाळीं इंजिन गार असतां चालू करावें. टक्-टक् असा आवाज येतो व वेग वाढवितांच तो जलद होतो; इंजिन तापल्यावर लोखंड फुगून फट मिटते व आवाज दबतो. यामुळेंच दुपारीं मिस्त्रीकडे नेलेली गाडी निरोगी ठरते. दुसऱ्या मनुष्यानें ओल्या बोळ्यानें मागचें तोंड क्षणभर दाबलें तर फुसफुस स्पष्ट ऐकूं येते. गार सांध्यावर साबणाचें पाणी टाकल्यास बुडबुडे दिसतात. कोणी उदबत्ती धरून धूर कोठें हलतो तें पाहतात. कार्बुरेटरच्या शेजारीं विस्तव नेण्याची ही युक्ति आम्हांस पसंत नाहीं. हें सर्व उघड्यावर करावें, शेडांत कधींही करूं नये.

एका मिस्त्रीनें आमच्या सांध्यावर दोरी गुंडाळून, वर मसाला थापून नट जोरानें आवळून दिले. तें काम आठ दिवस टिकलें. आवळण्यानें वांकडी फ्लँज सरळ होत नाहीं, उलट अधिक वांकते. सांधा उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं असें पाहून आम्ही स्वतःच हात घातला. आदल्या रात्रीं स्टडांवर रॉकेल व तेल सोडून ठेवलें. सकाळीं नट आधीं किंचित् आवळून मग सोडवावा, पुन्हां आवळावा, पुन्हां सोडवावा. एकदम बळ करूं नये. आम्ही तिसऱ्या नटावर धीर सोडला आणि स्टड तुटला. तो लेथवाल्याकडून मध्यावर भोंक पाडून काढवावा लागला, व त्यांत दोन दिवस मोडले.

जुनें पॅकिंग कोरडें खरडूं नये. जुन्या पॅकिंगांत ॲस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुप्फुसांस फार वाईट. पाण्यानें भिजवून, तोंडास फडकें बांधून काढावें, व ओल्या कागदांत गुंडाळून पुरावें. नंतर फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावें. पट्टीखालून उजेड दिसला तर जाड कांचेवर पॉलिश पेपर पसरून फ्लँज त्यावर सावकाश घासावी. पुठ्ठ्याचें पॅकिंग पहिल्याच दिवशीं जळतें. ग्रॅफाइटचें किंवा तांब्याचें घ्यावें. तांब्याचें जुनें पॅकिंग लाल तापवून पाण्यांत बुडविलें कीं मऊ होऊन पुन्हां उपयोगी पडतें. नट पितळेचे घालावे, ते पोलादी स्टडास गंजून चिकटत नाहींत.

एवढें करूनही सांधा पुन्हां गळतो, याचें कारण बहुधा सांध्यांत नसतेंच. अर्ध्या मीटर लांबीचें बिडाचें मॅनिफोल्ड ५०० अंशांनीं तापलें तर सुमारें पावणेतीन मिलिमीटर वाढतें. तें सोसण्यापुरतें अंग सांध्यांत असतें. पण इंजिनाच्या फाउंडेशनचें रबर दबलें असेल तर क्लच सोडतांच सारें इंजिन झोका खातें, व चासीस जखडलेली नळी सांधा उलगडते. आमचें डावें रबर पिळून चपटें झालें होतें, आणि सायलेन्सरची मागली टांगणी तुटून कोणी तारेनें बांधलेली होती. दोन्ही नवीं घातलीं. मग सगळे सांधे सैल ठेवून नळी पुढून मागें जिच्या तिच्या जागीं आपोआप बसूं दिली व नंतरच आवळली. ओढून बसविलेली नळी रोज आपल्या जागीं जाण्याची धडपड करते.

नट एकाआड एक, थोडे थोडे आवळले. चार दिवस गाडी चालवून इंजिन गार असतां पुन्हां पान्हा लावला, तों दोन नट पाव फेरा फिरले. पुढच्या आठवड्यांत पाहिलें तेव्हां एकही हलला नाहीं. त्यानंतर पुतण्या मागें बसून बाजारास दोनदां आला; वाटेंत भूक लागल्याची तेवढी तक्रार त्यानें केली.