पाण्याचा धनी कोण?

पाणी कोणाचे, असे विचारले असता आपल्याकडील बहुतेक लोक 'सरकारचे' असे उत्तर देतील. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे. राज्यकारभाराच्या दृष्टीने तर घातक आहे. इतर राष्ट्रांनी ह्या प्रश्नाचा निकाल कसा लावला व त्याचे फळ त्यांस काय मिळाले, हे पाहण्यासारखे आहे.

चिली देशातील लष्करी सत्तेने १९८१ साली केलेल्या कायद्याने पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडला. सरकारने तो फुकट व कायमचा द्यावा आणि घेणाऱ्याने वाटेल त्यास विकावा, अशी ही व्यवस्था! परिणाम असा झाला की, पेटोर्का खोऱ्यात निर्यातीच्या अव्होकॅडोच्या बागा डोंगरउतारावर हिरव्यागार राहिल्या आणि खालच्या वस्त्यांवर टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. २०२२ साली पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम देऊन नव्या हक्कांस ३० वर्षांची मर्यादा घालण्यात आली खरी; परंतु पूर्वी वाटून टाकलेल्या हक्कांचा कायमपणा तेवढ्याने गेला नाही. एकदा दिलेली मालमत्ता परत घेणे किती दुर्घट, हे ह्यावरून दिसते.

दक्षिण आफ्रिकेने ह्याच्या उलट मार्ग धरला. तेथे नदीकाठच्या जमीनमालकास पाण्यावर विशेष हक्क होता, आणि वर्णभेदाच्या राज्यात जमीनमालक म्हणजे बहुधा गोराच. १९९८ च्या कायद्याने हा हक्क मोडून सरकारास पाण्याचा विश्वस्त ठरविले. माणसाची मूलभूत गरज व नदीचे स्वतःचे जीवन ह्यांसाठी लागणारे पाणी आधी राखून ठेवावे, असे बंधन घातले. कायदा उत्तम, पण लोकांचा सहभाग ज्या खोरेनिहाय संस्थांतून व्हावयाचा, त्यांपैकी पहिल्या वीस वर्षांत जेमतेम दोनच कार्य करू लागल्या. विश्वस्त नेमला, हिशेब मागणारा मात्र नेमला नाही!

तो हिशेब मागण्याची रीत नेदरलँड्समध्ये पाहावी. तेथील जलमंडळांची परंपरा तेराव्या शतकापासूनची. १९५० च्या सुमारास अडीच हजारांवर असलेली ही मंडळे एकत्र होत होत आज २१ राहिली आहेत. परंतु दर चार वर्षांनी निवडणूक आणि स्वतंत्र कर हे त्यांचे दोन आधार कायम आहेत. जो कर देतो तो मत देतो, आणि जो मत देतो तो जाब विचारतो.

महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला तेव्हा पाण्याचे वाटप मंत्र्यांच्या मर्जीबाहेर जाईल, अशी आशा वाटली होती. २०११ च्या दुरुस्तीने शेती, उद्योग व शहरे ह्यांच्यातील वाटपाचा निर्णय पुनः मंत्रिमंडळाकडे गेला. मंत्रिमंडळ लोकनियुक्त आहे, हे आम्ही जाणतो. परंतु शेताच्या शेवटच्या चारीवर बसलेल्या शेतकऱ्यास आपले पाणी कोणी, कोणत्या कारणाने वळविले, हे विचारावयाचे स्थान तेथे कोठे आहे? सरकार पाण्याचे धनी नव्हे, विश्वस्त होय. आणि हिशेब न देणाऱ्या विश्वस्तास कायद्यात काय म्हणतात, हे वाचकांस सांगावयास नको.