वेणीची सतरंजी : घराची शोभा आणि वडीलधाऱ्यांचा तोल

उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरातली राहिलेली कामे निघतात. कुणी स्लॅब टाकतो, कुणी सोप्यातली शहाबादी काढून गुळगुळीत टाइल बसवतो. मग अशा चकचकीत फरशीवर काहीतरी हवे म्हणून बाजारातून रंगीबेरंगी गालिचे, पायपुसणी येतात. घर शोभते खरे, पण त्याच फरशीवरून त्याच पायपुसण्यासकट म्हातारी घसरली, तर खुब्याचे हाड मोडते आणि बिलातला मोठा हिस्सा दवाखान्यात जातो. पैसा जातो तो जातोच, चालतेफिरते माणूस अंथरुणाला खिळते. तेव्हा जमिनीवर काय अंथरावे, कुठे अंथरावे आणि कुठे अजिबात अंथरू नये, याचा विचार आधी करायला हवा.

या लेखात वेणीच्या सतरंजीची माहिती देत आहोत. जुन्या कापडाच्या पट्ट्या काढायच्या, तीन पेडांची लांबच लांब वेणी घालायची आणि ती गोल किंवा लांबट गुंडाळत एकमेकींना शिवत जायची. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात एकोणिसाव्या शतकात घरोघरी बायका जुन्या लोकरी कपड्यांच्या अशा बैठका करीत. थंडी कडाक्याची, लाकडी जमीन गार, आणि फाटके कापडही फेकायचे नाही, ही त्यामागची गरज. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी झाली, ती त्याच काटकसरीतून. फरक एवढाच की गोधडी अंगावर आली आणि वेणी पायाखाली गेली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गेलेल्या आईचे, सासूचे लुगडे पायाखाली घ्यायला पुष्कळांचे मन धजत नाही. ते बरोबरच आहे. अशा लुगड्याची गोधडीच शिवावी. सतरंजीसाठी विरलेल्या चादरी, जुने पडदे, धोतरे, रोजच्या वापरातली लुगडी पुष्कळ असतात.

आता हिशेब पाहू. नऊवारी लुगड्याचा पन्हा ४५ इंच धरला आणि ४ इंचांच्या पट्ट्या फाडल्या, तर ११ पट्ट्या निघतात, म्हणजे ९९ वार. तीन पेड केले की ३३ वार. वेणी घालताना साधारण तिसरा हिस्सा लांबी आटते, म्हणून हाती २२ वार वेणी येते. ती पाऊण इंच रुंद पडली, तर एका लुगड्यात २ फूट रुंद आणि अडीच फूट लांब एवढे बसकर होते. ३ फूट बाय ५ फुटांची बैठक हवी असेल, तर तीन-चार लुगडी लागतील. कापड जाड असेल तर पट्टी अरुंद घ्यावी, नाहीतर वेणी दोरखंडासारखी होते.

लांबट सतरंजी करताना मधली सुरुवातीची वेणी किती लांब ठेवावी? सोपा नियम आहे. लांबीतून रुंदी वजा करा. ५ फूट लांब, ३ फूट रुंद हवी, तर सुरुवात २ फुटांची. तिथून वळवून फेऱ्या घालत जायचे.

शिवताना दाभण आणि मजबूत सुती दोरा घ्यावा. दोरा कापडातून आरपार न काढता वेणीच्या फटींतून ओढावा, म्हणजे टाका दिसत नाही आणि कापड फाटत नाही. सरळ भागात फटीला फट जुळवावी. वळणावर मात्र बाहेरच्या वेणीची एखादी फट अधूनमधून सोडावी, कारण बाहेरच्या फेरीला जास्त लांबी लागते. वळणावर लांबी कमी पडली तर सतरंजी परातीसारखी वर उचलते, जास्त झाली तर कडेला लाटा येतात. म्हणून काम मांडीवर न करता जमिनीवर किंवा टेबलावर सपाट ठेवूनच करावे. तेवढा भाग उसवून नीट करायला दहा मिनिटे लागतात. दहा फेऱ्यांनंतर मात्र सगळेच उसवावे लागते.

सुती आणि टेरिकॉटचे कापड एकाच सतरंजीत मिसळू नये. सुती आटते, टेरिकॉट आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात सतरंजी वाकडी होते. सगळे कापड आधी धुऊन घ्यावे. लाल, निळ्या कापडाचा रंग जातो का, तेही तेव्हाच कळते.

विकत घ्यायची असेल तर दुकानदाराच्या बोलण्यावर न जाता पुढील परीक्षा करावी. सतरंजी जमिनीवर टाकून कडा सपाट बसतात का ते पाहावे. शेजारच्या दोन वेण्या बोटांनी ताणून पाहाव्यात. फट पडली तर शिवण कच्ची. ओले पांढरे फडके घासून रंग लागतो का बघावे. तागाची सतरंजी दिसायला छान, पण सतत ओल लागली की डागाळते आणि कुजते. ती मोरीजवळ नको. प्लॅस्टिक धाग्याची हलकी असते, चटकन वाळते, पण आचेने वितळते. ती चुलीजवळ, शेगडीजवळ नको. रोजच्या वापराला सुतीच बरी.

मांडणीचे म्हणाल, तर सोप्यात कोच-खुर्च्यांचे निदान पुढचे पाय सतरंजीवर येतील एवढी मोठी घ्यावी. चिमुकली सतरंजी मोठ्या खोलीत पोरकी दिसते. गोल टीपॉयखाली गोल, अरुंद बोळात लांबट शोभते. काळ्या रानातून माणसे येणार, म्हणून कडेच्या चार-पाच फेऱ्या गडद रंगाच्या कराव्यात, उजळ रंग मध्ये घ्यावेत. एखादा रंग भिंतीच्या किंवा पडद्याच्या रंगाशी जुळला की खोली बांधल्यासारखी दिसते. दार उघडताना सतरंजीवर अडत नाही ना, हेही पाहावे. वेणी जाड असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. गुळगुळीत फरशीवर कोणतीही सतरंजी नुसती टाकू नये. खाली रबराची जाळी अंथरावी. ती सतरंजीपेक्षा चारही बाजूंनी इंचभर लहान कापावी. जिन्याच्या पायऱ्यांवर सुटे काही टाकू नये. रात्री वडीलधारी माणसे खाटेवरून उठून संडास-मोरीकडे जातात, ती वाट मोकळीच ठेवावी. तिथे शोभा नको, दिवा हवा. काठी टेकत चालणाऱ्याची काठी कडेत अडकते, हेही ध्यानात ठेवावे.

वेणीची सतरंजी दोन्ही बाजूंनी सारखीच असते. महिन्याने उलटी करावी, म्हणजे झीज सारखी होते. रोज उचलून झाडावी. पावसाळ्यात शहाबादीला ओल सुटते, तेव्हा ऊन मिळेल त्या दिवशी बाहेर काढावी. धुतल्यावर ती फार जड होते. दोरीवर टाकली तर ताणून आकार बिघडतो. खाटेवर किंवा गच्चीवर सपाट पसरून वाळवावी.

भगिनींनो, हे काम एकटीने करायला गेले तर कंटाळा येतो. एकीने पट्ट्या फाडाव्यात, दुसरीने वेणी घालावी, तिसरीने शिवावे. तोडणी संपून रान मोकळे झाले की दुपारच्या वेळात चार घरच्या चौघी बसल्या, तर उन्हाळ्यात चार सतरंज्या सहज होतात. पहिली सतरंजी लहान करावी, हात बसला की मोठीला हात घालावा. आणि रबराची जाळी आणायला विसरू नये.