चकाकेल तिथे टिपूस

२५ मीटर स्टँडर्ड पिस्तूल स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात १० सेकंदांत ५ गोळ्या झाडायच्या असतात. खाली धरलेला हात वर आणण्याचा वेळही त्यातच धरलेला. काही वर्षांपूर्वी एका छोट्या स्पर्धेत माझी तिसरी गोळी सुटली आणि चौथी सुटलीच नाही. स्लाइड अर्ध्यावर अडकलेली, रिकामी पुंगळी दाराशी आडवी. तेल कमी पडलं म्हणावं, तर आदल्याच रात्री मी पिस्तुलाला भरपूर तेल पाजलं होतं.

क्लबात हत्यारांची देखभाल करणाऱ्या काकांनी स्लाइड उतरवली, आतून बोट फिरवलं आणि त्यावरचा काळा लेप माझ्या नाकासमोर धरला. "हे तेल नाही रे, किटण आहे. पिस्तूल आहे ते, भजी तळायचीत का त्यात?"

काकांचं म्हणणं समजायला माझ्या पॉइंट टू-टूच्या पिस्तुलात काय घडतं ते पाहावं लागेल. दारू पेटली की वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो, तसाच पुंगळीला मागे रेटतो. पुंगळी स्लाइडला ढकलते. मागे जाता जाता स्लाइड पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंग दाबते. मग तीच स्प्रिंग स्लाइडला पुढे आणते, येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये सारते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, तेव्हा मागचा रेटाही बेताचाच. नऊ एमएमची दणकट स्लाइड थोडी घाण रेटून नेते. इथली हलकी स्लाइड आणि मऊ स्प्रिंग जराशा चिकटपणानेही मंदावते. शिवाय या शिशाच्या गोळीवर मेणासारखा लेप असतो. मेण, शिशाची भुकटी आणि काजळी माझ्या सढळ हाताच्या तेलात कालवली गेली. त्याचंच ते किटण. जुनं पुसायचं सोडून मी दर वेळी वर नवं तेल ओतत होतो.

जास्त तेलाने वंगण जास्त का होत नाही, याचं उत्तर बेअरिंगांच्या अभ्यासात आहे. जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रीबेक याने १९०२ च्या सुमारास घर्षणाची बारकाईने मोजणी केली. वेगाने फिरणारा दांडा तेलाच्या पापुद्र्यावर अक्षरशः तरंगतो. वेग उतरला की पापुद्रा फाटतो आणि धातू धातूला भिडतो. स्लाइड तर प्रत्येक गोळीला दोनदा थांबते, मागच्या टोकाला आणि पुढच्या टोकाला. त्या क्षणी उपयोगी पडतो तो धातूला चिकटून राहिलेला, रेणूंच्या जाडीचा थर. तो दोन थेंबांत तयार होतो. बाकीचे थेंब धूळ गोळा करतात.

मग ते दोन थेंब घालायचे कुठे? हे पिस्तूलच सांगतं. आधी मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. टेबलावर एकही काडतूस नको. मग पुस्तिकेत दिलंय तसं उघडून सुती फडक्याने कोरडं पुसायचं आणि उजेडात धरायचं. काळा रंग घासून जिथे धातू चकाकतोय, तिथे तिथे भाग भागावर घासतोय. स्लाइडच्या खाचा, तिच्या पोटाखालचा हॅमरवरून सरकणारा पट्टा. दातकोरणीच्या टोकावर येईल एवढा टिपूस, बोटाने पसरवायचा, स्लाइड चारदा मागेपुढे करायची आणि कडेला आलेलं पुसून टाकायचं.

कोरडं काय ठेवायचं, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. फायरिंग पिनच्या भोकात तेल गेलं की काजळी धरून पिन मंदावते आणि ठोका हलका बसतो. नळीत तेल राहिलं तर पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. चेंबर ओलं असेल तर पुंगळीची पकड सुटून मागचा दणका वाढतो. काडतुसात तेल झिरपलं तर ते फुसकं निघू शकतं, म्हणून मॅगझिनही आतून कोरडंच. ट्रिगरच्या खटक्यांना पुस्तिका सांगेल तेवढंच; खेळाच्या पिस्तुलात ट्रिगर ओढण्याचं वजन तोलून लावलेलं असतं.

तेलाच्या निवडीबद्दल दुकानदार तासभर बोलू शकतो. माझं मत थोडक्यात: पॉइंट टू-टूला पातळ, न सुकणारं सिंथेटिक तेल, जड स्लाइडच्या पोलादी पिस्तुलाला खाचांत ग्रीसचं बोट चालेल. ग्रीस म्हणजे साबणाच्या स्पंजात धरून ठेवलेलं तेल, ते जागचं हलत नाही. पण डिसेंबरच्या पहाटे बालेवाडीच्या रेंजवर तेच घट्ट होऊन हलक्या स्लाइडचा पाय ओढतं. स्वयंपाकघरातलं तेल तर नकोच. खोबरेल थंडीत थिजतं, जवसाचं हवेने सुकून वार्निश होतं. एरंडेलाने पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिनं चालवली, कॅस्ट्रॉल हे नावही त्यावरूनच आलं. पण तेही जुनं झालं की चिकटतं. आणि घरोघरी कशावरही फवारला जाणारा डब्ल्यूडी-४०? त्याच्या नावातच त्याचं काम आहे: पाणी हटवणारं, ४० व्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण, १९५३ चं. भिजलेल्या धातूवरचं पाणी ते छान हटवतं, पण पातळ भाग उडून गेल्यावर मागे उरतो तो थर स्लाइडला फार काळ पुरत नाही.

ऑस्ट्रियाच्या ग्लॉकची पुस्तिका वाचली तेव्हा मी चाट पडलो. आख्ख्या पिस्तुलाला मोजून काही थेंब. नव्या पिस्तुलात दिसणारं तांबूस ग्रीस तर पुसूही नका म्हणतात, सुरुवातीला भाग एकमेकांत बसताना ते कामी येतं.

आपल्याकडे खरा वैरी गंज. जुलैत कोकणातल्या हवेत घामाचं बोट लागलं की काही दिवसांत पोलादावर तांबूस ठसा उमटतो. तिथे बाहेरून तेलाने ओलसर फडकं फिरवावं, सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. फोमच्या पेटीत पिस्तूल महिनोन्महिने झाकून ठेवू नये, फोम ओल धरतो.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर आईचं शिवणयंत्र, वडिलांचे पाने आणि रिकामं करून ठेवलेलं माझं पिस्तूल मांडतात. आई स्लाइडवर ओल्या कुंकवाचं बोट लावते. आरती झाली, प्रसाद वाटला की मी ते बोट हळूच पुसून घेतो आणि तिथे तेलाचं फडकं फिरवतो. आई बघते, काही म्हणत नाही. तिनेही तोवर यंत्राच्या चाकावरचं कुंकू पुसलेलं असतं.