पावसाळ्यानंतर वाहनाचे ब्रेक : माल भरण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. आंब्याचा हंगाम आटोपला की बागायतदाराची मालवाहू गाडी पुष्कळदा मांगरात किंवा ताडपत्रीखाली उभी राहते, ती भातकापणीच्या सुमारास बाहेर निघते. बॅटरी चढविली, डिझेल भरले आणि इंजिन सुरू झाले, म्हणजे गाडी तयार झाली असे मानण्याची प्रथा आहे. ती धोक्याची होय. इंजिन बिघडले तर गाडी जागीच राहते. ब्रेक बिघडले तर ती थांबत नाही. सड्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर किंवा आंबा घाटात हा फरक माणसांच्या जिवावर बेतू शकतो.

ब्रेक दुबळे का होतात?

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे कोरे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे ऑईल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल एकाएकी खाली जाते. सपाटीवर ठीक वाटणारा ब्रेक घाटात दगा देतो तो यामुळेच. याखेरीज खाऱ्या, दमट हवेने ड्रम गंजतात, चाकातील सिलिंडरचे दट्टे जाम होतात आणि ओढून ठेवलेल्या हातब्रेकमुळे लायनर ड्रमला चिकटतात.

दोष कसा ओळखावा?

पेडल स्पंजासारखे दबत असल्यास नळीत हवा शिरली आहे असे समजावे. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली जात असल्यास मास्टर सिलिंडरचे सील निकामी झालेले असते किंवा कोठेतरी गळती असते. पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसल्यास लायनर तेलकट, गुळगुळीत वा झिजलेले असण्याचा संभव असतो. गाडी एका बाजूस ओढत असल्यास एका चाकाचा ब्रेक काम करीत नाही.

दुरुस्तीचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली जाऊ नये. ड्रम काढून आतील धूळ ओल्या फडक्याने पुसावी, फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. ड्रमवरील हलका गंज पॉलिश पेपरने काढावा. खोल खड्डे पडले असल्यास ड्रम कातून घ्यावा किंवा बदलावा. तेलाने भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरू नयेत. एकाच आसाच्या दोन्ही चाकांचे लायनर एकदम बदलावेत.

रबरी सील पेट्रोल, रॉकेल वा इंजिन ऑईलने धुऊ नयेत. त्याने रबर फुगते. जुने ऑईल पूर्ण काढून टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, सीलबंद डब्यातील ऑईल भरावे. निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळी सूचना नसल्यास मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून हवा काढण्यास प्रारंभ करावा. सील बदलण्याचे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे.

माल भरण्यापूर्वी

इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट जोराने दाबून धरावे. ते खाली जाता कामा नये. नंतर मोकळ्या सपाट जागेत रिकामी गाडी मंद गतीने चालवून चारही चाके सारखी थांबतात का ते पाहावे. ट्रॅक्टर रस्त्यावर नेताना दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीने जोडावेत. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

पुढील पावसाळ्यात गाडी उभी करताना हातब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावावेत आणि उघडीप पडताच ती आवारातच थोडी पुढेमागे करून ब्रेक दाबावेत. एवढी दक्षता घेतल्यास पुष्कळसा खर्च वाचेल आणि गाडीत बसणारा मजूर संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचेल.