सनदी लेखापालाची परीक्षा आणि रोजचा मेळ

आपल्या सभासदांच्या घरांतील मुले-मुली आता सनदी लेखापालाच्या, म्हणजेच सी. ए.च्या परीक्षेस बसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु बुद्धी असूनही काही जण पुनःपुन्हा अडतात. त्याचे मर्म आम्हां व्यापाऱ्यांस सहज उमगण्याजोगे आहे.

1949 च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय सनदी लेखापाल संस्था ही परीक्षा घेते. फाउंडेशन, इंटरमीजिएट व फायनल अशा तिच्या तीन पायऱ्या. वरच्या दोन्ही पायऱ्यांत प्रत्येकी सहा विषय असून तीन-तीन विषयांचे दोन गट असतात. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात शंभरपैकी 40 आणि गटात तीनशेपैकी 150 गुण लागतात. आता हिशेब पाहावा. 85, 70 व 38 मिळविणाऱ्याची बेरीज 193 होते, तरी तो अनुत्तीर्ण. तिन्ही विषयांत 40 मिळविणाराही 120 वर थांबतो. तात्पर्य, एकही विषय कच्चा राहता कामा नये आणि काठावरचे गुणही पुरत नाहीत. म्हणून नावडत्या विषयास सकाळची ताजी वेळ द्यावी.

रोजकीर्द रोज लिहिली, तरच खतावणी बिनचूक उतरते आणि तेरीज जुळते. महिन्याचे व्यवहार एका रात्रीत मांडू पाहणारा मुनीम चुकतोच. अभ्यासाचेही तसेच आहे. दिवसा जे वाचले त्यावरील एक तरी उदाहरण त्याच सायंकाळी, पुस्तक मिटून, कागदावर सोडवावे. आठवड्याअखेर चुकांची निराळी वही तपासावी. संस्था मागील परीक्षांची आदर्श उत्तरे व सराव-प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करते. त्या घड्याळ लावून सोडवाव्यात. तीन तासांत शंभर गुण, म्हणजे दहा गुणांच्या प्रश्नास अठरा मिनिटेच मिळतात.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. गटातील सर्व विषयांस बसून अपयश आले, तरी ज्या विषयात 60 वा अधिक गुण असतील त्यात पुढील तीन खेपांपर्यंत सूट मिळते. तेव्हा एक पेपर बिघडला म्हणून उरलेले सोडून घरी परतणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

शेवटची विनंती वडीलधाऱ्यांस आहे. मे महिन्याची परीक्षा रब्बीच्या आवकेच्या व लग्नसराईच्या ऐन भरात येते. गहू-हरभऱ्याच्या गाड्या दारी लागल्या की मुलास गल्ल्यावर बसविले जाते, पाहुणे आले की मुलीस स्वयंपाकघरात बोलाविले जाते. एक-एक दिवस असा जातो आणि तो निकालात दिसतो. बोल मात्र मुलांस लागतो. त्या दोन महिन्यांपुरता एक माणूस रोजाने ठेवावा. त्याची मजुरी खर्ची न टाकता भांडवली खाती मांडावी, असे आम्ही अनुभवाने सांगतो.