सोल्फेजचा तास

वाशीत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मोठं केंद्र आहे. प्रारंभिक, प्रवेशिका करत विशारदपर्यंत नेणाऱ्या परीक्षा हे मंडळ घेतं. त्याच नवी मुंबईत नेरुळ-खारघरच्या सोसायट्यांतली मुलं कीबोर्ड काखोटीला मारून ट्रिनिटीच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांच्या मागे असतात. दोन्ही परीक्षा चांगल्याच. पण प्रमाणपत्राला चौकट लागल्यावर त्यांतली किती मुलं दहा मिनिटं स्वस्थ बसून गाणं ऐकतात?

ऐकण्याची गोडी लावायची कशी, याचा विचार ख्रिस्ती शिक्षणात फार पूर्वी झाला. मध्ययुगीन युरोपात संगीत हे अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्राच्या पंगतीत बसायचं. तार निम्म्या लांबीवर दाबून छेडली की तोच षड्ज वरच्या सप्तकात ऐकू येतो, दोनतृतीयांश लांबीवर पंचम. देवाने सृष्टी मोजूनमापून रचली, असं मानणाऱ्यांना ते माप इथे चक्क कानाने कळत होतं. संत ऑगस्टीनने संगीतावर सहा भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात बहुतेक चर्चा छंद आणि लयीचीच आहे.

अकराव्या शतकात ग्विदो या इटालियन मठवासीने शिकवण्याची युक्ती काढली. त्याने असं एक स्तोत्र घेतलं, ज्याच्या ओळी क्रमाने एकेक स्वर वर सुरू होतात. त्या ओळींची आद्याक्षरं हीच स्वरांची नावं झाली. आजचं ‘दो-रे-मी’ तिथून आलं.

ही विद्या पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली. १५४५ च्या सुमारास चर्चला जोडून शाळा काढण्याचा हुकूम झाला आणि गावोगावच्या मुलांना धर्मशिक्षणाबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणं, शिकवलं जाऊ लागलं. शिकवणारा तो मेस्त. आधी गळा, मग हातात व्हायोलिन, असा साधारण क्रम. आणि परीक्षा? ती रविवारी, चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेवेळी, सगळ्या गावासमोर! उपवासकाळात मोतेत, म्हणजे अनेक आवाजांची धर्मगीतं, गायची, सोबतीला दोन व्हायोलिनं, एखादं क्लॅरिनेट आणि डबल बास. आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळायचा तर आधी त्याचं ऐकावं लागतं. ऐकण्याचं शिक्षण होत होतं ते असं.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) याच वातावरणात वाढले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते नावाजलेले व्हायोलिनवादक आणि अरेंजर झाले. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सारंग रागावर कॉन्चेर्तो रचला. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातल्या गाण्यात जे नाव आहे, ती शिष्याने गुरूला दिलेली दाद. सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड अशी गोमंतकीय नावं घेतली तर सोल्फेजच्या तासाने हिंदी सिनेमाला काय दिलं, हे ध्यानात येतं.

याला काळी बाजूही होती. गोव्यातल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती घरांतल्या लग्नांतून देशी वाद्यं हद्दपार केली. एक कान घडवताना दुसरा बंद करण्याचाच हा प्रकार. महाराष्ट्रात तो दुसरा कान उघडायचं काम रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांशेजारी अभंग आणि भजनं आणून ठेवली, चर्चमध्ये कीर्तन रुजवलं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची गीतं आजही आहेत. टाळ-पेटीवर वाढलेल्या मुलाला प्रभूचं नाव त्याच्या ओळखीच्या सुरात मिळालं, आणि शिक्षक म्हणून मला हे ग्विदोच्या युक्तीइतकंच मोलाचं वाटतं.

आता गावच्या मेस्ताची शाळा बरीच आटली आहे. पणजीत १९५२ साली सुरू झालेली संगीत अकादमी पुढे कला अकादमीत आली आणि पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण तिथे चालू राहिलं. नवी मुंबईतल्या शाळांना मात्र अकादमीही लागणार नाही. आठवड्यातून एक तास सगळ्या वर्गाने एकत्र गावं, त्यातली शेवटची दहा मिनिटं नुसतं ऐकावं, आणि त्याला गुण देऊ नयेत. शिवाय सहामाही जवळ आली म्हणून तो तास गणिताच्या सरांना देऊन टाकू नये, एवढी मुख्याध्यापकांना विनंती.