आइला बेटावरील व्हिस्की

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आइला नांवाचें बेट आहे. लोकवस्ती सुमारें ३,०००. झाडी विरळ, वारा सतत, आणि दूरवर पसरलेली दलदल. या बेटावरील बोमोर गांवांत समुद्राच्या कांठीं व्हिस्की गाळण्याची एक जुनी डिस्टिलरी आहे. १७७९ हें तिचें स्थापनावर्ष मानतात. व्हिस्की प्यावी कीं न प्यावी, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. पण ती कशी तयार होते, हें मात्र पाहण्यासारखें आहे.

पाहुण्याला प्रथम एका लांबलचक दालनांत नेतात. तेथें भिजविलेला जव फरशीवर पसरून त्यास मोड आणतात. आपल्याकडे मटकीला मोड आणतात, त्यांतलाच हा प्रकार. मोडांमुळें धान्यांतील पिठूळ अंशाची साखर होण्याची तयारी होते. मुळें गुंतूं नयेत व धान्य तापूं नये, म्हणून कामगार लांकडी फावड्यांनीं तें वारंवार उलथतात. पुढें तें भट्टींत वाळवितात, व त्या भट्टींत पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलींत हजारों वर्षें दबलेल्या वनस्पतींचा अर्धवट कुजलेला थर. बेटावरील लोकांचें हेंच जुनें सरपण. त्याचा धूर धान्यांत भिनतो.

हें धान्य भरडून गरम पाण्यांत कालवितात, निथळलेला गोड रस यीस्टनें आंबवितात व तांब्याच्या प्रचंड पात्रांतून दोनदां गाळतात. आरंभींचा व शेवटचा भाग वगळून मधलाच तेवढा ठेवतात. हा अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. ओकच्या पिपांत, स्कॉटलंडांतच, निदान ३ वर्षें मुरल्यावांचून त्याला स्कॉच व्हिस्की म्हणण्यास कायद्याची मुभा नाहीं. मुरतांना दरसाल सुमारें २ टक्के अर्क उडून जातो. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. गोव्यांतहि आतां माल्ट व्हिस्की होते. तेथील उष्ण हवेंत हा वाटा बराच मोठा, पण मुरण्याचें कामहि लवकर उरकतें.

शेवटीं पाहुण्यापुढें अरुंद तोंडाचे पेले येतात. जाणकार आधीं वास घेतात, लहानसा घोट जिभेवर घोळवितात, मग पाण्याचे चार थेंब घालून पुन्हां वास घेतात. त्यानें दडलेले गंध मोकळे होतात. ज्या पिपांत पूर्वीं अमेरिकेची बूर्बन होती, त्यांतील व्हिस्कींत व्हॅनिला व मध भासतो. शेरीच्या पिपांतील व्हिस्कींत मनुका भासतात. धूर मात्र दोहोंतहि असतो.

गांवाचें व कारखान्याचें नातें निकटचें आहे. गाळतांना वायां जाणारी उष्णता गांवाच्या पोहण्याच्या तलावाला पुरविली जाते, आणि तो तलावहि डिस्टिलरीच्या जुन्या गोदामांतच आहे. म्हणूनच या धंद्यांतील अनिश्चितता गांवालाहि भोगावी लागते. आज गाळलेला अर्क दहा-पंधरा वर्षांनीं विकावयाचा. तेव्हां गिऱ्हाईक किती असेल, हें आज कोणी सांगावें? याच बेटावरील पोर्ट एलन येथील डिस्टिलरी मागणी घटल्यामुळें १९८३ सालीं बंद पडली. पुढें तिच्या उरलेल्या पिपांतील व्हिस्कीला जगांतील शौकीन वाटेल ती किंमत देऊं लागले, आणि २०२४ सालीं ती पुन्हां सुरू झाली. मध्यें ४१ वर्षें लोटलीं. ज्यांचें काम १९८३ सालीं गेलें, त्यांना त्या किमतीचा काय उपयोग?

बाटलीवर १२ वर्षांचा आंकडा असला, तर तिच्यांतील सर्वांत कोवळी व्हिस्कीहि तितकीं वर्षें मुरलेली असते. त्या आंकड्यांत चवीची हमी असतेच असें नाहीं. बारा वर्षांपूर्वीं कोणी तरी पत्करलेला धोका मात्र खात्रीनें असतो.